पैसे आडावर की पोहऱ्यावर?

घरात पहिल्यांदाच बऱ्यापैकी स्टिरिओ घ्यायचं ठरलं की दुकानाची पायरी चढण्याआधीच दोन पंथ समोर उभे राहतात. एका पंथाचं म्हणणं, पैसा आधी स्रोतावर घाला, म्हणजे टर्नटेबल, सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल फाइलचा अ‍ॅनलॉग सिग्नल करणारं यंत्र), जे काही घेणार असाल त्यावर. मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि उरेल त्यात स्पीकर. दुसऱ्याचं म्हणणं बरोबर उलटं. दोघंही सारख्याच ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही पाठीशी या क्षेत्रातली मोठी नावं आहेत. नवख्याची पंचाईत होते. तो बहुधा पैशांचे तीन सारखे वाटे करतो आणि मोकळा होतो. ही तडजोड सगळ्यात वाईट, असं माझं मत आहे. म्हणून हा वाद इथे आपल्या जुन्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या रीतीनं मांडला आहे. माझा कल उत्तरपक्षाकडे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही; पण पूर्वपक्षाला मुद्दाम दुबळं केलेलं नाही. वाद हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू: हातात एक लाख रुपये, फ्लॅटमधला पंधरा बाय दहा फुटांचा हॉल, आणि ऐकायला मुख्यतः ख्यालगायन, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीतं.

पूर्वपक्ष : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमचं सगळं म्हणणं या म्हणीत आलं. रेकॉर्डच्या खाचेत जे आहे ते सुईनं उचललंच नाही, तर पुढचा अ‍ॅम्प्लिफायर कितीही महागाचा असो, ते तो परत आणू शकत नाही. तो फक्त मोठं करतो, आणि बिघडलेलं असेल तर बिघडलेलंच मोठं करतो. वर तुम्ही उत्तम स्पीकर जोडलेत, तर तो बिघाड अधिक स्वच्छ ऐकू येणार, एवढंच. १९७३ साली आयव्हर टीफेनब्रन यांनी ग्लासगोत लिन ही कंपनी काढली, तेव्हा टर्नटेबल म्हणजे तबकडी ठरल्या वेगानं फिरवणारं यंत्र, त्यात आवाजाचा काय संबंध, असंच बहुतेक लोक समजत होते. लिनच्या एलपी१२ या टर्नटेबलनं ती समजूत मोडली. बाकी सगळं तेच ठेवून नुसता टर्नटेबल बदलला तरी गाणं बदलतं, हे दुकानादुकानांतून लोकांनी आपल्या कानांनी ऐकलं, आणि ब्रिटनमधल्या शौकिनांच्या एका पिढीनं खरेदीचा क्रमच उलटा केला. तुम्ही या साध्या तर्काला उत्तर द्या: हरवलेली गोष्ट पुढच्या टप्प्यात सापडत नाही, तर पहिला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा का नाही?

उत्तरपक्ष : तर्क खरा आहे, पण त्यातून तुमचा क्रम निघत नाही. गेलेलं परत येत नाही, हे पहिल्या टप्प्याइतकंच शेवटच्याही टप्प्याला लागू आहे. स्पीकरनं गिळलेला डग्गा कुठलाही टर्नटेबल परत देत नाही. तेव्हा टप्पा आधीचा की नंतरचा हा प्रश्नच नाही. कुठला टप्पा किती बिघडवतो हा आहे, आणि ते मोजता येतं. बेताच्या किमतीचा बरा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर घ्या. त्याच्या मर्यादेत चालवला तर त्याचं डिस्टॉर्शन टक्क्याच्या दहाव्या भागाच्याही खाली असतं, आणि ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात त्याची पातळी डेसिबलच्या एखाद्या अंशानं हलली तर हलते. स्पीकरचा बनवणारा मात्र 'अधिक-उणे तीन डेसिबल' असं अभिमानानं छापतो, म्हणजे वरखाली मिळून सहा डेसिबलची सूट त्यानं स्वतःच घेतलेली असते. आणि खर्जात जरा जोर लावला की त्याचं डिस्टॉर्शन पुऱ्या टक्क्यांत मोजावं लागतं. हे दहापट, कधी शंभरपट अंतर आहे. कारणही उघड आहे. सिग्नल वीज म्हणून तारेत असतो तोवर त्याला जपणं इंजिनिअरांना आता उत्तम साधलं आहे. पण त्या विजेची हालचाल करायची, त्या हालचालीनं हवा ढकलायची, म्हणजे कागदाचा नाहीतर प्लॅस्टिकचा कोन, त्याच्या कडेचं रबर, चुंबकातली गुंडाळी आणि भोवतीची लाकडी पेटी यांना कामाला लावणं आलं. या सगळ्यांना वजन आहे, ताण आहे, स्वतःची थरथर आहे. ऊर्जा जिथे रूप बदलते तिथे बिघाड होतो. पैसा तिथे घालावा, एवढंच आमचं म्हणणं.

आणि याच नियमानं तुमचं १९७३ सालचं म्हणणंही खरं ठरतं, हे लक्षात घ्या. कार्ट्रिज म्हणजे उलटा स्पीकरच: हालचालीची वीज करणारा. दीड-दोन ग्रॅम वजनानं टेकलेली सुई केसाहून बारीक खाचेतून धावते आणि त्यातून निघतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. मोटरची घरघर, तबकडीचा वाकडेपणा, शेजारी पाय आपटला तर तोही, सगळं त्या मिलिव्होल्टमध्ये मिसळतं. डावा आणि उजवा आवाज एकमेकांपासून वेगळा ठेवणं चांगल्या कार्ट्रिजलाही पंचवीस-तीस डेसिबलपलीकडे जड जातं. म्हणजे रेकॉर्डच्या काळात यांत्रिक टोकं दोन होती, एक खाचेपाशी आणि एक हवेपाशी. तुम्ही त्यातलं एक धरलंत. गंमत अशी की दुसरं टोक धरणारा माणूस ही दोन्ही टोकं ओळखून होता. एडगर विल्चुर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत हेन्री क्लॉस यांच्यासह अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम देऊन त्यांनी लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्याच विल्चुरनी १९६१ मध्ये स्वस्तातला टर्नटेबलही केला, आणि त्यात तबकडी व आर्म दोन्ही स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या एका चौकटीवर बसवले. ही तरंगती चौकट पुढे एलपी१२मध्येही आहे. स्पीकरवाल्यांच्या आद्यपुरुषाकडूनच आलेली कल्पना स्रोतवाल्यांनी देव्हाऱ्यात ठेवली, असं म्हटलं तरी चालेल.

पण १९८२च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर विकायला आला आणि आधीचं टोक जवळजवळ नाहीसं झालं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. त्यातून सुमारे ९६ डेसिबलची पल्लेदारी आणि २०,००० हर्ट्झपर्यंत सपाट प्रतिसाद. त्या वेळी ते यंत्र महाग होतं. आज तेच काम फोनच्या भोकात बसणारा बोटभर अडॅप्टर करतो. अमेरिकेत तो नऊ डॉलरला मिळतो. तुमचा आड आता नळाला आला आहे. त्यावर लाखातले चाळीस हजार का घालायचे?

पूर्वपक्ष : कारण तुम्ही आकड्यांवर भाळता आणि आम्ही गाणं ऐकतो. डिजिटल झालं म्हणजे सगळं सारखं झालं, ही बिनबुडाची खात्री आहे. चिप वेगळी, तिचा वीजपुरवठा वेगळा, घड्याळाची अचूकता वेगळी. आणि सीडीच्या वरच्या दर्जाच्या फायली आल्या आहेत त्या काय उगाच? तानपुऱ्याच्या जवारीत जे हजार बारीक तपशील असतात ते एका यंत्रावर मोकळे वाटतात, दुसऱ्यावर घट्ट. हे तुमच्या तक्त्यात दिसत नाही. यंत्र पडद्याआड ठेवून घेतलेल्या तुमच्या त्या चाचण्या म्हणजे तर परीक्षेचा ताण: दहा सेकंद हे, दहा सेकंद ते, सांगा कुठलं कुठलं. अशात कोणाला काय कळणार? महिनाभर यंत्र घरी ठेवून ऐकल्यावर जो थकवा येतो किंवा येत नाही, तोच खरा निकाल.

उत्तरपक्ष : पडद्याआडच्या चाचण्यांनी कान बधिर होत असते, तर त्यात कसलाच फरक ऐकू आला नसता. पण घडतं ते वेगळंच. आधी डिजिटलचं बघू. मेयर आणि मोरान यांचा प्रयोग २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा थेट ऐकवायचं आणि एकदा सीडीच्या मापाच्या अरुंद बोळातून काढून ऐकवायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी एवढीच बरोबर आली असती. तुमच्या बाजूचा पुरावाही सांगतो. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी असे अठरा प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के निघाली आणि आधी तालीम दिलेल्या श्रोत्यांत ती साठीपुढे गेली. म्हणजे फरक अगदी शून्य नाही, मान्य. पण शांत खोलीत, कान टवकारून शंभरातल्या दोन जास्तीच्या उत्तरांएवढा जो फरक, त्यासाठी पहिला लाख खर्च करायचा का?

आता त्याच पडद्याआड स्पीकर ठेवून बघा. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन कंपनीत हेच काम आयुष्यभर केलं. आवाज जाऊ देणाऱ्या पण दृष्टी अडवणाऱ्या पडद्यामागे स्पीकर ठेवले, आवाजाची पातळी सारखी केली, तर वेगवेगळ्या लोकांचे गुण थक्क करण्याइतके जुळतात. ज्याचा प्रतिसाद समोरून सपाट आणि बाजूंनीही गुळगुळीत, तो स्पीकर लोकांना आवडतो. टूल यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये सत्तर स्पीकरांच्या मोजमापावरून श्रोत्यांची पसंती आधीच सांगणारं सूत्र मांडलं. सांगितलेली आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ निघाला. म्हणजे आकड्यांत गाणं दिसत नाही, हेही पुरतं खरं नाही. या दोघांचा १९९४ सालचा एक प्रयोग तर प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावावा असा आहे. तेच श्रोते, तेच चार स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. स्पीकर डोळ्यांना दिसू लागताच गुण बदलले, आणि हे श्रोते त्याच कंपनीचे नोकरदार होते. आणखी वाईट म्हणजे स्पीकरची जागा हलवल्यानं पडणारा खराखुरा फरक, जो पडद्याआड त्यांना स्पष्ट ऐकू येत होता, तो उघड्यावर त्यांच्या गुणांतून जवळपास पुसला गेला. तुमच्या महिनाभराच्या ऐकण्यात महिनाभर ते यंत्र डोळ्यांसमोर असतं. त्यावर किंमत लिहिलेली नसली तरी ती तुम्हाला पाठ असते.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालावंसं वाटतं, कारण या वादात तारा आल्या नाहीत आणि दुकानात त्या हमखास येतात. घरात दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर टाकली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध दशांश ओहमच्या थोडा वर भरतो. आठ ओहमच्या स्पीकरसमोर त्यानं आवाज डेसिबलच्या आठव्या हिश्शानं उतरतो. हे मीटरला कळतं, कानाला नाही. जोड घट्ट करावेत, अधिक-उणे उलटं जोडू नये, आणि विषय संपवावा.)

पूर्वपक्ष : बरं, डॅक सोडून देऊ. पण अ‍ॅम्प्लिफायरचं काय? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिढ्यान्‌पिढ्या विकली गेलेली ४४४० आयसीची किटं ज्यांनी ऐकली आहेत, ते 'अ‍ॅम्प्लिफायर सगळे सारखेच' असं म्हणायला धजावणार नाहीत. एकेकाळी आपल्याकडच्या म्युझिक सिस्टिमवर हजार-दोन हजार वॉट पीएमपीओ छापलेलं असायचं आणि आवाज अर्ध्यावर नेला की गाणं चिरकायचं. आणि महागाच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर स्त्रीआवाजाला जो गोडवा येतो तो तुमच्या हजारातल्या एका भागाच्या हिशेबात कुठे बसतो?

उत्तरपक्ष : सगळे सारखे असं आम्ही म्हटलंच नाही. मर्यादेत चालवलेले, नीट बांधलेले सारखे. ४४४० ही सान्योची आयसी गाडीच्या टेपसाठी होती. दोन्ही भाग जोडून ती १९ वॉट देते, तेही दहा टक्के डिस्टॉर्शनवर, आणि हे तिच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं आहे. तिच्याकडून लग्नाचा मांडव दणाणून घ्यायचा म्हटल्यावर ती चिरकणार नाही तर काय करणार? पीएमपीओ हा आकडा तर कुठल्याच मोजमापाला बांधलेला नव्हता. आता तुमच्या हॉलचा हिशेब करा. स्पीकरची संवेदनशीलता एका वॉटला एका मीटरवर ८७ डेसिबल धरा, जी आजच्या साध्या स्पीकरांत सर्रास असते. तीन मीटर दूर सोफ्यावर त्यातले सात-आठ डेसिबल कमी होतील, दोन स्पीकर म्हणून तीन परत मिळतील. एका वॉटला ऐंशीच्या पुढे. वीस वॉटला त्यात तेरा मिळवा, नव्वदीच्या मध्यावर पोचलात, म्हणजे शेजारी दार वाजवतील. पन्नासऐवजी शंभर वॉटचा घेतला तर वाढ तीन डेसिबल. तेवढीच वाढ तीन-चार डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर निवडला तर फुकटात होते. उलट बीबीसीनं सत्तरीच्या दशकात आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर ८३ डेसिबलच्या आसपासचा. त्याला जास्त वॉट द्यावेच लागतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरनंतर निवडायचा असतो. स्पीकर ठरला नाही तोवर किती वॉट हवेत हा प्रश्नच निरर्थक आहे.

व्हॉल्व्हचा गोडवा खोटा नाही, पण तो कुठून येतो बघा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत विरोध जास्त असतो, आणि स्पीकरचा विरोध प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलता असतो. दोघांच्या जोडीतून प्रतिसादाला चढउतार येतात. तुम्हाला आवडतो तो बहुतांशी हाच चढउतार. १९८५ मध्ये अमेरिकन इंजिनिअर बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइल मासिकाचं आव्हान स्वीकारलं. मासिकानं एक महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर निवडला आणि कार्व्हरनी आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेरफार करत दोघांच्या आउटपुटमधला फरक इतका खाली आणला की परीक्षकांना दोन्ही ओळखता येईनात. गोडवा हवा तर टोनची दोन बटणं असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. शुद्धतेच्या नावाखाली ती बटणं काढून टाकण्याची फॅशन आली, ती श्रोत्यांच्या मुळावर आली, असं आम्हाला वाटतं. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ सालीच दाखवलं आहे. रात्री अकरानंतर भिंतीपलीकडचं बाळ झोपलेलं असताना ऐकायचं, तर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण हजारोंच्या डॅकपेक्षा जास्त उपयोगी आहे.

पूर्वपक्ष : मग आता तुमच्याच शस्त्रानं तुमच्यावर वार करतो. बिघाड मोजून पैसा लावायचा ना? सगळ्यात मोठा बिघाड खोली करते, हे तुम्हीही मान्य कराल. आपल्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, गिलाव्याच्या भिंती, वर स्लॅब. तिथे पंचावन्न हजारांचा स्पीकर आणि पंधरा हजारांचा स्पीकर दोन्ही सारखेच घुमणार. खोलीच सगळं खाणार असेल, तर स्पीकरवर पैसा घालणं हीच सगळ्यात मोठी उधळपट्टी नाही का?

उत्तरपक्ष : हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण खोली सगळीकडे सारखी वागत नाही. तुमच्या हॉलचं घनफळ चाळीस घनमीटर. सामानसुमान असलेल्या अशा खोलीत साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली खोलीची सत्ता चालते, वर स्पीकरची. मानवी आवाजाचा बहुतेक भाग, जवारी, हार्मोनियम, व्हायोलिन वरच्या राज्यात येतात, आणि तिथे पंचावन्न आणि पंधरा हजारांतला फरक ऐकू येतो, कारण कान आधी थेट आलेला आवाज पकडतो आणि भिंतीवरून येणारा आवाजही स्पीकरनंच बाजूंना फेकलेला असतो. खाली मात्र हिशेब पाहा. दहा फूट रुंदीची लहर ५६ हर्ट्झला उभी राहते. साडेनऊ फूट उंचीची ५९ला. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर बसतात आणि डग्ग्याचा घुमारा याच मुलखाच्या आसपास असतो, म्हणून आपल्या फ्लॅटमध्ये तबला फुगल्यासारखा ऐकू येतो. लांबीची पहिली लहर ३७ला, दुसरी ७५ला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातला खर्ज असतो ६९ला, याच गर्दीत. आणि आपला सोफा कुठे असतो? मागच्या भिंतीला चिकटून, जिथे लांबीच्या या लहरींचा दाब सर्वांत जास्त. सोफा तीन फूट पुढे ओढा. कागदावरच्या हिशेबानं ती ७५ची लहर तिथे दहा डेसिबलनं उतरते. दहा डेसिबल, आणि खर्च शून्य. जगातला कुठलाही डॅक एवढा फरक पाडत नाही.

वरच्या पट्ट्यातल्या घुमण्याचा उपाय तर सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९५च्या सुमारास हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ठेवायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र तुमच्या हॉलला लावलं, तर पूर्ण रिकाम्या, टाइल-गिलाव्याच्या खोलीत आवाज विरायला तीनेक सेकंद लागतात. दारंखिडक्यांमुळे प्रत्यक्षात काहीसे कमी. जाड पडदे, जाजम, कापडी सोफा आणि पुस्तकांनी भरलेलं एक कपाट आलं की ते अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतं. तेव्हा खोली खराब म्हणून स्पीकर स्वस्त घ्या, असा निष्कर्ष निघत नाही. स्पीकरच्या पैशातले दहा-बारा हजार जाजम-पडद्यांना द्या, असा निघतो.

पूर्वपक्ष : व्यवहाराची एक गोष्ट राहिली. स्रोत आणि अ‍ॅम्प्लिफायर एकदाच चांगले घेतले की स्पीकर पुढे सवडीनं बदलता येतात.

उत्तरपक्ष : व्यवहारच उलटा आहे. सगळ्यात लवकर जुना होतो तो स्रोत: सॉकेट बदलतात, अ‍ॅप बंद पडतात, फोन नवी फाइल वाचतो आणि यंत्र वाचत नाही. स्पीकर पन्नास वर्षं चालतो. फक्त कोनाच्या कडेला फोम नको, रबर हवं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत फोमचा दहा-पंधरा वर्षांत चुरा होतो.

पूर्वपक्ष : ठीक. पण आमचं एक कबूल करा. १९३०-४०च्या तबकडीवरचं नाट्यसंगीत तुम्ही कसल्याही स्पीकरवर लावा, ते तीन मिनिटांचं, खरखरीचं आणि वरच्या-खालच्या पट्ट्या कापलेलंच राहणार. आडात नव्हतं म्हणूनच ना?

उत्तरपक्ष : कबूल, आणि मनापासून. पण मग तुमचा खरा आड रेकॉर्डिंग आहे, टर्नटेबल किंवा डॅक नाही. तो स्टुडिओत खणून झाला. एकाच गाण्याची एक प्रत मूळ टेपवरून काळजीनं उतरवलेली असते आणि दुसरी बाजारासाठी दाबून मोठी केलेली. त्या दोन प्रतींत जो फरक ऐकू येतो तो कुठल्याही दोन डॅकमधल्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. स्रोतावर पैसा घालायचाच असेल तर चांगल्या प्रतींवर घाला.

इथे पूर्वपक्षाला बोलायला जागा उरली असेल तर ती रेकॉर्डवाल्यांपुरती. ज्याच्या घरी वडिलांच्या काळातल्या दोन-तीनशे रेकॉर्डी आहेत आणि त्याच ऐकायच्या आहेत, त्यानं लाखातले पंचवीस-तीस हजार टर्नटेबल आणि कार्ट्रिजवर घालावेत. तिथे हालचालीची वीज होते आहे. बाकीच्यांसाठी माझा हिशेब असा: स्पीकरला पंचावन्न हजार, त्यांच्या भक्कम स्टँडला आठ, टोनची बटणं असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीस, जाजम-पडद्यांना बारा, आणि स्रोताला उरलेले पाच, तेही फोन-लॅपटॉप घरात असेल तर खर्च होतीलच असं नाही. खरेदीला निघण्याआधी हॉलची लांबी-रुंदी-उंची मोजा. दुकानात स्वतःची ओळखीची तीन गाणी घेऊन जा, दोन्ही स्पीकरांचा आवाज फोनवरच्या मीटरनं सारखा करून मागा, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगला वाटतो. आणि जो दुकानदार स्पीकर दोन दिवस घरी लावून बघायला देईल, त्याच्याकडूनच घ्या, भले हजार-दोन हजार जास्त पडोत.